एक जूनची लेकरं

माझी पहिली नोकरी काय होती हे लोकांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. "लहान मुलं का चावतात, सारखी का रडतात, वर्गातून पळून का जातात, याची कारणं शोधायचं काम आहे," असं मी म्हटलं की औरंगपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकू पदराआड हसायच्या. त्यांना सहा मुलं होती. "आणि त्याचा पगार देतात?" त्यांनी एकदा विचारलं. देतात म्हटल्यावर म्हणाल्या, "मग मला इतकी वर्षं कुणी नेमलं कसं नाही?"

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि मी मानसशास्त्रात एम.ए. होऊन नुकतीच बाहेर पडले होते. माणसाच्या मनातलं सगळं आपल्याला कळायला लागलंय, असं मला वाटत होतं. हा आजार एम.ए. झाल्यावर होतोच. दोन-चार वर्षांत उतरतो, पण ती दोन-चार वर्षं घरच्यांना काढावी लागतात.

मला नेमणाऱ्या मॅडम पुण्याकडच्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ आणि बोलणं मोजूनमापून. खेड्यातल्या शाळकरी मुलांच्या वागण्यातल्या आणि भावनांच्या अडचणी कशातून येतात, हा त्यांचा विषय, आणि त्यांच्या हाताखाली मी संशोधन सहायक. त्यासाठी त्यांनी चोवीस पानांचा फॉर्म तयार केला होता, सायक्लोस्टाइलवर काढलेला, हाताला शाई लागेल असा. बाप दारू पितो का, घरात भांडणं होतात का, मुलाला मार बसतो का, आई कामाला किती वाजता जाते, बाळंतपण अडलं होतं का, दूध लवकर तोडलं का, सगळं त्यात होतं. माझा त्या फॉर्मवर फार जीव. एखादा चौकोन रिकामा राहिला की मला चैन पडायची नाही. कपाळावर कुंकू नसल्यासारखं वाटायचं ते पान.

पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात जन्मतारीख आणि पूर्ण वय असे दोन चौकोन होते. ते मी शाळेच्या रजिस्टरावरून आधीच भरून ठेवायची. गुरुजींचा चहा उकळेपर्यंत सगळ्या वर्गाचे ते दोन चौकोन भरून व्हायचे. आई बिचारी शेतातून दमून आलेली असणार, तिला आधीच एवढे प्रश्न, त्यात तारखा कशाला विचारा, असा माझा विचार. खरं सांगायचं तर खेड्यातल्या बायकांना तारखा कुठं ठाऊक असतात, असंही मला वाटायचं. माझं नाक पुढं तिथंच कापलं गेलं.

आमची गावं कन्नडच्या बाजूला होती. सकाळच्या एसटीनं कन्नड गाठायचं आणि तिथून पुढं मिळेल त्या वाहनानं, नाहीतर पायी. त्यातलं एक गाव घाटाकडच्या अंगाला होतं. दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. गुरुजी चाळिशी उलटलेले, पांढरी टोपी आणि धोतर, मवाळ स्वभावाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्यासमोर वहीचं पान ठेवलं. त्यावर 'अवघड' मुलांची नावं होती आणि त्यातली बहुतेक पहिलीतली.

आम्ही त्या पहिलीच्या वर्गात आठ-दहा दिवस कोपऱ्यात बसून काढले. दुपारी बारानंतर तिथं जे चालायचं त्याला मी माझ्या टिपणवहीत मोठी मोठी नावं दिली. एक जण भिंतीकडं तोंड करून रडायचा, दोघं-तिघं पाटीवर डोकं ठेवून झोपायची, कुणाची चड्डी ओली व्हायची, कुणी दार उघडं दिसलं की थेट घराकडं सुटायचं. फॉर्म भरले तर बहुतेकांच्या आया पहाटे कापूस वेचायला जाणाऱ्या निघाल्या. मॅडमनी हे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आईचा सहवास कमी पडतोय," त्या म्हणाल्या. "कारण सापडलं." मलाही फार आनंद झाला. इतक्या लवकर कारण सापडलं म्हणजे आपण हुशारच, यात शंका नव्हती.

या सगळ्यांत वरचढ एक मुलगी होती. अंगात थोरल्या बहिणीचा फ्रॉक, तो गुडघ्याखाली लोंबणारा. केस तेलानं चप्प बसवलेले. थोरली शेजारच्या खोलीत तिसरीत होती, आणि हिचा सगळा दिवस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळण्यात जायचा. थोरलीच्या फ्रॉकची किनार मुठीत धरून बसली की शांत. तिथून उठवून कुणी आपल्या रांगेत न्यायला लागलं की ती चावायची. गुरुजींना चावून झालं होतं, वर्गातल्या मुलांना चावून झालं होतं. मी मोठ्या शास्त्रीय पद्धतीनं तिला हाताला धरून उठवलं, तेव्हा माझ्या मनगटालाही चावली. बारीक दातांची सगळी ओळ उमटली. मी आधी फॉर्ममध्ये 'चावते' या प्रश्नापुढं 'होय' लिहिलं आणि मग मनगट धुतलं.

तिची बुद्धीची चाचणी मीच घेतली. मणी ओवायला दिले, चित्रं दाखवली, ठोकळे रचायला सांगितले. एकदा थोरलीला शेजारी बसू दिल्यावर ती छान बोलायला लागली. शेळीचं चित्र दाखवलं तर आपल्या शेळीला कुत्र्यानं कसं धरलं होतं ते हातवारे करून सांगितलं. सगळं मांडून तिच्या बुद्धीचं वय साडेचार वर्षांचं निघालं. रजिस्टरावरचं वय साडेसहा. साडेचारला साडेसहानं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. उत्तर आलं एकोणसत्तर. सत्तरच्या खाली आलं की ते मूल मंदबुद्धी धरायचं, असा आमच्याकडं नियम होता. मी भागाकार दोनदा करून पाहिला. भागाकार बरोबर होता.

मॅडम मनानं चांगल्या होत्या. नुसतं आकडे गोळा करून निघून जायचं, हे त्यांना पटायचं नाही. शहरात अशा मुलांसाठी एक निवासी शाळा होती. त्यांनी तिथं खेटे घालून या मुलीसाठी जागा मिळवली. राहणं, जेवण, शिकवायला तयारीचे शिक्षक. शिफारसपत्र मी लिहिलं. संक्रांत झाली की सोमवारी पहिल्या गाडीनं बापानं मुलीला घेऊन यायचं ठरलं.

घरच्यांना हे सांगायला मी आणि गुरुजी गेलो होतो. घरातला शब्द आजोबांचा. ते ओट्यावर बसले होते. निजामाविरुद्धचं पोलीस ॲक्शन झालं तेव्हा आपण बैलगाडी हाकत होतो, एवढं एक त्यांनी मला प्रत्येक भेटीत सांगितलेलं होतं. माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, "शिकलेली माणसं म्हणत्यात तर पोरीचं भलंच आसंल." बापानं मान हलवली. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"बाई, तिथं रात्री तिला कुणापाशी निजवत्यात?" तिनं विचारलं.

"प्रत्येकीला वेगळी कॉट असते," मी सांगितलं. ते सांगताना मला अभिमान वाटला होता, हे आज कबूल करताना मला लाज वाटते.

संक्रांत झाली. सोमवारच्या आदल्या रविवारी सकाळी मी घरी गॅलरीत फॉर्म पसरून बसले होते. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करायचं, असं काम होतं. माझे वडील मदतीला बसले होते. ते तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीला लागले ते निजामाच्या राज्यात, उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर सगळं दफ्तर मराठीत आलं, तेव्हा त्यांनी आपलं अक्षरही नव्यानं घडवलं. ते अक्षर मोत्यासारखं होतं, आणि ते वापरायला मिळालं की ते खूश असायचे. मी वाचून दाखवायची, ते कार्डावर उतरवायचे. पहिलीचं निम्मं झालं आणि त्यांनी टाक खाली ठेवला.

"काय गं, या गावच्या बायका ठरवून बाळंत होतात काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघ. एक जून. हाही एक जून. ही पण एक जून. एक जूनला गावात दुसरं काही काम नसतं वाटतं."

मी कार्डं हातात घेतली. मी फॉर्मवर तारीख लिहायची आणि लगेच वय काढायची. माझं लक्ष वयावर. सगळ्यांचं वय सारखं येतं याचा मला उलट आनंदच होता. संशोधनाला असा एकसारखा गट मिळायला भाग्य लागतं, असं मी मॅडमना म्हणालेही होते.

"अगं बये, एक जून ही मास्तरची तारीख," वडील म्हणाले. "शाळा जूनला उघडते. लेकरू दारात उभं, जन्माचा कागद नाही. मास्तर वय पुरं करतो आणि एक जून टाकून मोकळा होतो. आमच्या कचेरीत एकतीस मे आला की रांगेनं माणसं रिटायर व्हायची. हार कमी पडायचे. तू लहान असताना पेढे खाल्लेस की त्या दिवसाचे."

खाल्ले होते. एकतीस मेच्या पेढ्यांची आमच्या घरात थट्टा चालायची, ती मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ती घरातली गोष्ट होती आणि हे संशोधन होतं. दोन्हींची गाठ पडू शकते, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

"मग खरं वय किती असतं?"

"कुणाचं कमी, कुणाचं जास्त. ते त्या मास्तरला विचार."

तेवढ्यात माझी पुतणी आत आली. ती तेव्हा पहिलीत होती, सव्वासहा वर्षांची, आणि तिची खरी तारीख पत्रिकेत घटका-पळांसकट लिहिलेली. खालचे दोन दात पडल्यामुळं 'स' म्हणताना तिची शिट्टी वाजायची. मी तिला उगीच जवळ बोलावून तोंड उघडायला लावलं. मग मला माझं मनगट आठवलं. त्याच्यावर सगळी ओळ उमटली होती. एकही फट नव्हती. म्हणजे तिचे दुधाचे दात अजून पडायलाच लागले नव्हते.

मी एका फॉर्मच्या पाठीमागं पुन्हा भागाकार मांडला. वरचा आकडा तोच, साडेचार. खाली पाच घालून पाहिले तर नव्वद आलं. साडेचार घातले तर शंभर. त्या मुलीत काहीही न बदलता नुसता खालचा आकडा बदलून ती मंदबुद्धीची शहाणी होत होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं ती माझ्या शिफारसपत्रासकट निघणार होती. गावात फोन नव्हता. मी वहिनीला सांगितलं, जेवायला थांबू नका, आणि चपला घातल्या.

आधी मॅडमकडं गेले. समर्थनगरात त्यांचं घर होतं. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली, माझा कागद घेतला आणि भागाकार तपासला. वर्षभराचं काम होतं त्यांचं, आणि ते सगळं त्या दोन चौकोनांवर उभं होतं.

"हे मला कुणी सांगितलं कसं नाही?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, इथं हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून कुणी सांगत नाही."

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण त्या आत गेल्या आणि निवासी शाळेच्या नावानं चार ओळींचं पत्र लिहून घेऊन आल्या. प्रवेश रद्द करावा, चूक आमची आहे. मी विचारलं, "आणि बाकीचे फॉर्म?"

"ते उद्या बघू. तू आधी गाडी पकड."

त्या बाईंबद्दलचा माझा आदर त्या सकाळी वाढला तो आजतागायत उतरलेला नाही. पुढं आम्ही वर्षभर पुन्हा सगळी गावं फिरलो, सिल्लोडच्या बाजूची आणि बिडकीनकडचीही. फॉर्मवर नवा चौकोन घातला, 'आईच्या सांगण्याप्रमाणे वय'. वर्गात झोपणाऱ्या, रडणाऱ्या आणि घराकडं सुटणाऱ्या मुलांतली बरीचशी नुसती लहान निघाली. सगळंच त्यानं सुटलं असंही नाही. काही घरांत खरोखरच दारू होती, मार होता, आई गेलेली होती. पण आता ती मुलं गर्दीतून वेगळी दिसायला लागली आणि त्यांच्यासाठी काहीतरी करता आलं. ते काम मी पुढं तीस वर्षं केलं, आणि आवडीनं केलं.

त्या रविवारी मात्र मला त्यातलं काही दिसत नव्हतं. एसटीत मला उभ्यानंच जावं लागलं, आणि कन्नडपासून पुढं निम्मी वाट चालावी लागली. गुरुजींच्या अंगणात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. गुरुजी सुपात ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. माझ्याकडं बघताच ते उठून उभे राहिले आणि टोपी घालायला आत जायला लागले. मी म्हटलं, "गुरुजी, ती पहिलीतली मुलगी खरी केवढी आहे?"

ते परत खाली बसले. "ताई, काल कन्नडपातुर आलो व्हतो," ते म्हणाले. "तुमच्याकडं यायला. गाडी लागली, मी चढलो नाय."

"का?"

"खोटी नोंद केली मी. नोकरी जाती त्याच्यात." त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "थोरली पोर लई हुशार हाय. आई कामाला गेली की धाकटीला धरायला थोरलीला घरी बसवणार. म्हणून म्हनलं, दोघींनाबी आणा. धाकटी बसंल कोपऱ्यात. मग तपासणीचे सायेब आले, म्हनले, नाव नाय तर पोरगी वर्गात कशी? नाव घातलं. नावाला वय लागतं. सहा लिहिलं, एक जून टाकला."

"आणि बाकीची?"

"बाकीची बी तशीच. घरी बघायला कोण हाय त्यांना? पट भरला म्हणून दुसऱ्या खोलीचा मास्तर टिकला. माझी सोताची तारीख एक जूनच हाय की. पोलीस ॲक्शन झाल्यावर गावात मराठी शाळा आली, मास्तरनं समदी पोरं रांगेत उभी केली आन् एका दिवसात समद्यांचा जन्म उरकला. दोन वर्षं जादा लागलेत मला. दोन वर्षं आधी घरी बसणार मी."

मी भांडायच्या तयारीनंच आले होते. माझा स्वभाव तसा, चूक कुणाची हे ठरल्याशिवाय मला पाणी गोड लागत नाही. पण गुरुजींवर चिडायचं म्हटलं तर थोरलीची शाळा मध्ये येत होती. शिवाय ज्या बाईनं तारखेचे चौकोन चहाची वाट बघत भरले, तिनं गुरुजींना काय म्हणायचं? मी एवढंच म्हटलं, "चला माझ्याबरोबर. तुमचं नाव कुठं जाणार नाही." ते मी पाळलं.

मुलीच्या घरी ओट्यावर आजोबा होते. बाप गाडीचं नक्की करायला गेला होता. आत आई चुलीपुढं बसून धपाटे थापत होती, दुसऱ्या दिवशीच्या वाटेसाठी. शेजारी कापडाचं गाठोडं बांधून ठेवलेलं, त्यात वरच थोरलीचा दुसरा फ्रॉक दिसत होता. मुलगी थोरलीच्या पाठीला पाठ लावून बसली होती. मला बघून ती तिच्यामागं सरकली. तिचं बरोबर होतं.

गुरुजींनी तिला हळूच पुढं बोलावलं. "बाळ, ह्या हातानं तो कान धर. असा नाय, डोक्यावरनं." शाळेत घालायच्या वेळी पूर्वीचे मास्तर हेच करायचे. हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की सहा पूर्ण. तिनं हात उचलला, डोक्यावर आडवा घातला आणि ताणून बघितला. बोटं कानाच्या वर केसांतच राहिली. मग तिनं युक्ती केली, मान वाकडी करून कानच हाताकडं आणायला लागली. आजोबा हसले. "अजून पोचंना व्हय गं," ते म्हणाले.

मी चुलीजवळ जाऊन बसले. इतक्या खेपा घालून जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "ही कधी झाली?"

आईनं धपाटा उलटला. तिला आठवावं लागलं नाही. "आखाजीच्या दुसऱ्या दिशी, दिवस उगवायला. नसबंदीची जीप गावात हिंडत व्हती तवा ही पोटात व्हती. मी अन् सासूबाई ज्वारीत लपलो व्हतो. त्याच्या म्होरली आखाजी."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. मी बोटांवर मोजलं. आणीबाणीचा तो हिवाळा मलाही आठवत होता. चार वर्षं पूर्ण, वर आठ-नऊ महिने. दिवसासकट, वेळेसकट तिनं सांगितलं होतं. माझ्या पुतणीच्या पत्रिकेत याहून फारसं जास्त नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्या बाळंत झाले बाई, मला नाय ठाव तर कुणाला?"

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. मलाच काहीतरी समजावून सांगावं लागतंय, याचं तिला नवल वाटलं असावं. "तुमी लई इचारलं. नवरा मारतो का इचारलं. सासू जेवू घालती का इचारलं. दूध कवा तोडलं त्येबी इचारलं. हे नाय इचारलं."

मी मॅडमचं पत्र काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की उद्या कुठं जायचं नाही. गुरुजी म्हणाले, नाव पटावरून काढतो, पुढं वय झाल्यावर घालू. तोवर थोरलीबरोबर येऊ दे, तिच्याशेजारी बसू दे, झोप आली तर झोपू दे. तपासणीवाल्यांचं मी बघतो. आजोबांनी पुन्हा, शिकलेली माणसं म्हणत्यात तर, असं काहीतरी म्हटलं. आईनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "पर मग तिला झालंय काय?"

"काही झालेलं नाही," मी म्हटलं. "तिला पावणेपाच वर्षं झालीत."

तिनं हात धुतले, पदराला पुसले. "साळंत घातल्यापासनं कडंवर घेतली नव्हती," ती म्हणाली. "मोठी झाली म्हनले समदे. रडायची, तरी न्हाई घेतली." मग ती उठली आणि तिनं मुलीला उचलून कडेवर घेतलं. मुलीनं दोन्ही पाय तिच्या कमरेला घातले, डोकं खांद्यावर टेकवलं आणि आईचा पदर मुठीत धरला. ती कडेवर अगदी बरोबर मावत होती. आईनं तशीच, एका हातानं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं.